खड्डा क्रमांक सात

तिसा नदीच्या पलीकडे, मेंढ्यांनी कुरतडलेल्या माळावर
गाश्पार दोबोशनं पहाटेच खड्डा खणून ठेवलेला.
दीड मीटर खोल, तोंड उन्हाकडे.
काळी माती डाव्या ढिगात, पिवळी उजव्या,
मधे हातभर जागा मोकळी.
नऊ वाजता बस आली. सात देशांची माणसं उतरली
आणि बारा मतं.

माझं काम टिपणं घ्यायचं. घेत होते.

कुणी सुरी खुपसली, कुणी ॲसिडचा थेंब टाकला,
माती फसफसली तेव्हा सगळे पोरांसारखे वाकले.
रंगांची चोपडी उघडून दोघं भांडले:
हा राखाडी की हा, ओला की सुका,
ढग आला तेव्हा दोघंही गप्प.
ल्युदमिला आर्काद्येव्ना म्हणाल्या, आमच्या नांगऱ्यांचे शब्द
तुम्ही सगळ्यांनी उचललेत, निदान उच्चार तरी नीट करा.
उएमात्सु वहीत ज्वालामुखीची राख काढत बसले,
यादीत तिला घर नव्हतं अजून.
कुमासीच्या अफ्रियीबाईंनी चिमूटभर मळून पाहिली:
"हीच माझ्या गावची असती,
तर तुम्ही हिला 'इतर'मध्ये टाकलं असतं."
हे मी लिहिलं. नंतर अध्यक्षांनी खोडायला सांगितलं.

खाली ढेकळं खांबांसारखी उभी,
माथ्यावर पांढुरकी गोल टोपी.
थर पंधरा सेंटिमीटर की अठरा?
टेप दोनदा लावला, दोन्ही वेळा वेगळा भरला.
जेवण थंड झालं.

मग कुणाला तरी गाश्पार आठवला.
तो फावड्याला टेकून उभा. आला,
ढेकूळ फोडलं, जिभेला लावलं, थुंकला.
"सिक," म्हणाला. "मेंढी चाटते. गहू रुसतो.
बाप म्हणायचा, हिच्यात विहीर खणू नकोस."
दुभाष्या म्हणाला: क्षारयुक्त, निचरा कमी.
मी दुभाष्याचंच लिहिलं,
समासात मात्र पेन्सिलीनं: सिक.

संध्याकाळी हात वर करून ठरलं, सोळा सेंटिमीटर.
बस निघाली. मागच्या काचेतून पाहिलं,
गाश्पार खड्डा बुजवत होता,
आधी पिवळी, पायानं दाबून,
वर काळी.
शेवटी गवताचे चौकोन, जसे काढले तसे,
एकेक वळवून पाहत,
कुठला कुठे होता.