अलीकडं, पलीकडं

निपाणीत स्टँडाच्या अंगाला माझं दुकान.
भिंतीवर तक्ता एकच, पण दुतोंडी:
एका अंगाला कन्नड, उलटवला की मराठी.
ज्याला दोन्ही वाचता येत नाही
त्याच्यासाठी पुठ्ठ्याची फणी आहे, तीन दातांची.
दात कुठं वळलेत, तेवढं बोटानं दाखवायचं.

मंगळवारी तायव्वा आली, भाच्याला दंडाला धरून.
"मास्तर म्हणत्यात, ह्याला कन्नड येत न्हाई.
फळ्यावरचं इचारलं की मुका."
सिद्दूनं पहिली ओळ वाचली. दुसरी अर्धी.
तिसरीला तो माझ्या तोंडाकडं बघायला लागला,
उत्तर तिथं लिहिलेलं असल्यागत.
मी तक्ता उलटवला.
मराठीतही तिसऱ्या ओळीलाच अडला.
मग त्याला चार पावलं पुढं आणला
आणि तो दोन्ही अंगं घडाघडा वाचत सुटला,
खाली छापखान्याचा पत्ता असतो, तोसुद्धा.

तायव्वाला सांगितलं,
डोळ्याच्या तळाशी एक पडदा असतो.
चित्र त्याच्यावर पडायला पाहिजे, नेमकं.
ह्याचं अलीकडंच पडतंय.
(या गावात अलीकडं-पलीकडं जपून बोलावं लागतं,
पण इथं दुसरा शब्द नाही.)
त्याला काच द्यायची मधे पातळ, कडेला जाड.
ती उजेड जरा फाकवून आत सोडते
आणि चित्र मागं सरकत पडद्याला टेकतं.
वजा सव्वातीन.

"आणि तुमचं?"
"मला काय झालंय?"
पण पावती तिनं हातभर लांब धरली होती.
तीस वर्षं बिड्या वळते ती. सूप मांडीवर,
दोरा अंदाजानं. हल्ली मुकादम
मूठमूठ बिड्या छाट म्हणून बाजूला टाकतो.
हिचं चित्र पडद्याच्या पलीकडं निघालेलं.
हिला काच अख्ख्या मसुरीसारखी, मधे फुगीर,
उजेड गोळा करून पुढं ओढणारी.
अधिक पावणेदोन.

शनिवारी चष्मे आले.
तायव्वानं घातला आणि आधी स्वतःची बोटं बघितली,
नखांतली तंबाखू, अंगठ्यावरची चीर.
"एवढी?" म्हणाली, आणि पदराला पुसायला लागली.
सिद्दूनं तिचा ओढून लावला, तिनं त्याचा.
दोघं एकदम:
"ह्यातनं काय बी दिसंना!"

दारातनं तो ओरडला,
"आत्ती, चिक्कोडीची! पाटीवर हाय बग!"
पाटी कन्नडच होती.
ती पळाली, चष्मा काढायचं विसरून,
धुरकट झालेल्या रस्त्यावर
त्याचं बोट धरून.

दीडशे रुपये राहिले.
वहीत लिहायला घेतले
तर ओळी एकमेकींत गेलेल्या.
माझा चष्मा कपाळावर होता.