वजनाची चिठ्ठी

आमच्या गावाला तिन्ही बाजूंनी डोंगर,
चौथी बाजू समुद्राची.
नोव्हेंबर सरता सरता सूर्य डोंगरामागे जातो
तो जानेवारीच्या शेवटालाच तोंड दाखवतो.
मी, ओद्नी, गोदीवर कॉड तोलते.
एकवीस वर्षांत काटा माझ्याशी खोटं बोललेला नाही.

मग एका सकाळी काट्यावर चौदा दिसत होते
आणि चौदा म्हणजे किती, ते मला आठवेना.

दुखणं अंगावर काढायची आमच्या घराण्याची रीत.
आजोबांनी काढलं, होडीत.
आईनं काढलं, स्वेटर विणत, एकच बाही
उसवून पुन्हा, उसवून पुन्हा.
मी म्हटलं, आपण डॉक्टर शोधू.

म्हणणं सोपं.
एक आमच्याच गावात येतो, एक आड एक गुरुवारी.
माणूस चांगला. पण चर्चच्या गायनात माझ्या मागच्या रांगेत उभा असतो,
आणि मी सोडलेल्या नवऱ्याचा मावसभाऊ.
दवाखान्यापुढे गाडी लावली
की ती कुणाची, हे बर्फालासुद्धा ठाऊक.
त्याला काय सांगणार?
जे सांगायचं त्यात निम्मे त्याचेच नातेवाईक.

दुसरा रेक्याविकला. चाळीस मिनिटांचं विमान,
दोनदा वाऱ्यानं रद्द.
तिसऱ्यांदा पोचले, बारा मिनिटं मिळाली.
तो कॉम्प्युटरकडे बघत होता, मी त्याच्या कानाकडे.
गोळी दिली. गोळीला नावं ठेवणार नाही,
तिनं झोप दिली.
पण हात कापायला लागले.
फोन लावला, तर फोनवर बराच वेळ पियानो.

तिसरी पडद्यावरची, मऊ आवाजाची.
मी तोंड उघडलं की मान हलवायची,
वाक्य संपायच्या आत तिला समजलेलं असायचं.
मला नव्हतं समजलेलं.

तेव्हा वजनाच्या चिठ्ठीमागे मी लिहून ठेवलं:
हात कापले तर कुणाला सांगायचं?
रविवारी कोण असतं?
चुकलात, तर कबूल करता का?
आणि खाली, खोडून पुन्हा लिहिलेला,
मी बरी झाले हे तुम्ही कशावरून ओळखाल?

बहीण म्हणाली, अगं, डॉक्टर निवडतेस की जावई?
म्हटलं, जावई नाही आवडला
तर निदान नाताळालाच दिसतो.

चौथी, डॉक्टर बोझेना, मूळची ग्दान्स्कची.
इकडे येऊन सहा वर्षं, भाषा अजून अडखळती.
खिडकीत एक वाळलेलं जिरेनियम,
आणि त्याची तिला लाज नव्हती.
चिठ्ठी घेतली, बोट ठेवून वाचली.
पहिल्या दोहोंना तिनं एक फोन नंबर लिहून दिला.
तिसऱ्याला म्हणाली, "करते. कधी कधी उशिरा."
शेवटच्याला म्हणाली, "माहीत नाही.
ते तुमच्याकडूनच शिकावं लागेल."

वारा नसताना खालून येणाऱ्या लाटेला
आमच्याकडे एक शब्द आहे.
मी तो वापरला, सवयीनं, विषय मिटवायला.
तिची पेन्सिल थांबली.
"हा शब्द मला येत नाही. सांगाल?"

आजवर कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.
गावात तो सगळ्यांना येतो,
म्हणून कुणी विचारत नाही.
तर मी सांगू लागले, की वर पाणी आरशासारखं असतं,
पक्षी निवांत बसलेले असतात,
होडी मात्र उचलली जाते, कुणी उचलली ते दिसत नाही,
आणि आजोबा, आणि आई, ती बाही,
आणि माझं परतीचं विमान सुटलं.

हीच योग्य, असं मी अजून म्हणत नाही.
तीन भेटी झाल्यात. दुसरीत आम्ही भांडलो.
गोळी अर्धी केलीय, पेन्सिलनं लिहून,
पुढे खोडता येईल अशी.

मागच्या रांगेतला काल गोदीवर भेटला.
"गुरुवारच्या तालमीला दिसत नाहीस हल्ली?"
म्हटलं, गुरुवारी विमान असतं.
त्यानं पुढे विचारलं नाही.
तेवढ्यापुरता तोही चांगला डॉक्टर.

काट्यावर चौदा किलो दोनशे.
मी मोठ्यानं वाचलं.
पोरानं लिहून घेतलं.