उलाळ

केळीच्या वखारीतून तीन काटे आणले उसने,
धुडकू आप्पांसकट. काटा एकटा सोडत नाहीत ते.
दोन काटे दोन चाकांखाली,
तिसरा स्टुलावर, शेपटाखाली.
निंबाने पाणसळ ठेवली
आणि बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

चोपड्याच्या बायपासला आमचं रिवायंडिंगचं शेड.
एका बाजूला जळालेल्या सबमर्सिबल मोटरी, तांब्याची भेंडोळी,
दुसऱ्या बाजूला हे, चार वर्षांचं, नळ्यांचं.
गिऱ्हाइकं विचारतात, फवारणीचं आहे का?

पंखांचं कापड मी शिवलं.
दर फासळीला टाका, टाक्याला गाठ,
गाठीगाठीत चार बोटं.
वरून हवा ओढते, खालून ढकलते,
कापड सैल राहिलं तर
पंखाचा आकार वारा ठरवतो.
ब्लाउजची बाही चुकली तर गिऱ्हाईक परत येतं.
इथे गिऱ्हाईक माझा भाऊ होता.

टोकाकडे पंख किंचित पिळलेला, पुढची कड खाली.
मला वाटलं, वेल्डिंग करताना सरकलं.
मुद्दाम केलंय, म्हणाला.
वेग सरला की हवा आधी मुळाशी सुटू दे,
टोकांनी शेवटपर्यंत धरून राहायचं,
नाहीतर एक खांदा पडतो
आणि गरगर सुरू होते.

मग तो आत बसला. चौसष्ट किलो, चपला काढून.
आप्पांनी आकडे पुकारले, लिलावात पुकारतात तसे.
मी लिहिले, गुणले, भागले.
पुन्हा भागले.
तोल चार बोटं मागे.

आप्पांना वही लागली नाही.
"हाई उलाळ शे," म्हणाले.
"गाडी उलाळ व्हयनी तं जू वर जास,
बैल मान दाबीसन धरतस.
आठे बैल कोठे शेतस?"

निंबा हसला नाही.
त्याला ते थर्माकोलचं आठवलं असणार,
गच्चीवरून सोडलेलं:
नाक वर, अजून वर, क्षणभर नुसतं उभं,
आणि मग शेपटावर बसत टाकीच्या पाइपावर.
नंतर नाकात एक खिळा खोचला
तर तेच शहाण्यासारखं गेलं
पिठाच्या गिरणीपर्यंत.

बॅटरी सीटमागे होती, सात किलो.
तिला चार हात पुढे नेलं, इंजिनाच्या भिंतीला.
तरी एक बोट उरलं.

ते बोट माझं होतं.
शेपटाचा निळा सारखा बसत नव्हता
म्हणून दोन हात जास्त दिले मी, रात्री,
तो झोपल्यावर.
दीड किलो रंग.
इथे सीटशेजारी ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं.
पण साडेतीन मीटर मागे दीड किलो म्हणजे काय
ते सी-सॉच्या टोकाला बसणारं पोरगं सांगेल.
मी सांगितलं त्याला.
"दिसतो छान पण," म्हणाला,
आणि कात्री दिली.

रंग निघत नाही नुसता. कापडच सोलावं लागतं.
नवीन शेपूट फिकट आहे,
उन्हात धरलं तर ब्रशचे फटकारे दिसतात.

जानेवारीत, कपाशी उपटून रोलर फिरवलेल्या शेतात,
सातपुड्यावर उजेड यायच्या आत,
ते दोन पुरुष उंच उठलं. तेवढंच ठरलं होतं.
केळीच्या बागेकडून झोत आला, नाक उचललं गेलं,
आणि बांधावर उभ्या माझ्या हातांनी
काहीच नसलेली दांडी पुढे दाबली.
नाक वरच राहिलं थोडा वेळ.
मग खाली आलं, जरा जास्तच खाली,
मग सरळ.

"मी सोडून दिली होती दांडी," उतरल्यावर म्हणाला,
कुणाकडे न बघता. "त्याचं त्यानं केलं."

आप्पा मागे गेले.
घड उचलून बघतात तसं
शेपूट उचलून पाहिलं, परत ठेवलं,
मान हलवली.
मग मला बाजूला घेऊन विचारलं,
तीन काट्यांचं भाडं
कोण देणार.