पंचावन्न टक्के

महापे एमआयडीसीतल्या गोदामाला
दोन मजले आहेत आणि दोन दर.
खाली साधं, वर थंड.
तौफीक म्हणाला, वरचं जवळजवळ दुप्पट पडतं,
आधी ठरवा, काय सोसेल, काय नाही.

मृणालनं यादी घरूनच आणलेली.
स्टीलची पिंपं, पितळी घागर खाली.
पितळेला काय, चिंच लावली की झालं.
सागवानी कपाट खाली.
प्लायवूडचं देऊन टाकायचं,
वाशीच्या भिंतीनं त्याला तीस वर्षं पाणी पाजलंय.
(बिल्डिंग पाडायला काढलीय. नवी तीन वर्षांत,
असं बिल्डर म्हणतो. आम्ही पाच धरलीत.)
आईची इरकल वर की खाली
यावर दोन दिवस घातले,
शेवटी मृणाल ती नेसूनच बसली.

उरल्या बाबांच्या सतरा पेट्या.
निगेटिव्ह.
सेक्टर सतराच्या स्टुडिओत
चौतीस वर्षं स्टुलावर येऊन बसलेली माणसं.
पासपोर्टची, स्थळासाठीची, बारावीच्या फॉर्मची,
परवान्यासाठी पाणी लावून केस चापलेले
मार्केटातले हमाल,
एक बाई, जिनं तीनदा फोटो काढून घेतला
आणि तीनदा न्यायला आली नाही.
मागे निळा पडदा. हनुवटी जरा खाली. हं.

यातलं एकही माणूस आमचं नाही.
मी हिशेब मांडला,
एवढ्यात कोपरखैरण्याच्या भाड्याच्या घरात
बाबांच्या खोलीला एसी बसतो, हप्त्यावर.
बाबा म्हणाले, मला बुरशी लागत नाही.

कोण येणारेय, बाबा, हे मागायला?
ते चिडले नाहीत.
एक पट्टी काढून ट्यूबलाइटसमोर धरली.
कडेनं जाळं चढत चढत
एका माणसाच्या कानापर्यंत आलेलं.
केस पांढरे, दात काळे.
"म्हातारा वाटतो ना? बावीसचा असेल.
उलटं वाचायला यावं लागतं."

मग वरचा मजला बघायला गेलो.
फार गार नव्हतं. कोरडं होतं,
खाडीच्या या बाजूला कधी नसतं तसं.
भिंतीवर छोटा आकडा, पंचावन्न.
बाबा चष्मा वर करून उभे राहिले,
आकडा हलतो का बघत.
हलला नाही.
"लाइट गेली तर?"
"जनरेटर आहे, काका."
"आणि डिझेल संपलं तर?"
तौफीक हसला. बाबा नाही हसले.

सतरापैकी सोळा वर गेल्या.
सतरावी त्यांनी स्वतः खाली ठेवायला सांगितली.
त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, पाताडे, घरचे.
माझी मुंज, आमचं लग्न,
आई पहिल्यांदा स्कूटरवर बसली तो रविवार.
मी बघतच राहिलो.
"आपल्या प्रिंट सगळ्यांकडे आहेत रे.
त्यांचं एवढंच आहे."

तर आमचं लग्न आता तळमजल्यावर,
पितळी घागरीला टेकून,
आणि ती न आलेली बाई
महिन्याच्या पाच तारखेला
माझ्या खात्यातून पैसे घेते.

भेटीची वेळ दहा ते सहा.
बाबा दर मंगळवारी एनएमएमटीनं जातात,
मीटर बघून येतो, म्हणतात.
तौफीक सांगतो, आकडा बघायला मिनिट लागतं.
मग स्टूल मागून घेतात
आणि पाठीवरचा सदरा वाळेपर्यंत
बसून राहतात.