बाद मत

ओठ मिटा, मग सोडा: प्स्...
लाट खड्यांवरून मागे सरताना जो आवाज करते
तिथूनच हा शब्द निघाला असणार,
असं स्तेर्गोसला वाटतं.
त्साम्बिका, त्याची नात, अथेन्सला जुनी भाषा शिकते.
ती म्हणते, आजोबा, असं काही सिद्ध नाही.
कुणी म्हणतं मूळ धातू घासण्याचा,
कुणी म्हणतं ठाऊक नाही.
एवढं नक्की, की प्सीफोस म्हणजे आधी नुसता खडा.
मत नंतर.

आणि शब्द दिसतो पुल्लिंगी, शेपूट तशी,
पण आहे स्त्रीलिंगी.
"तुझी पणजी अशीच," स्तेर्गोस म्हणतो,
"बापाची विजार चढवून मासे धरायला जायची."

रोडोसच्या दक्षिण टोकाच्या या गावात
पन्नास वर्षं त्याने अंगणं घडवली.
काळे खडे, पांढरे खडे,
चुन्यात उभे रोवलेले, धारेवर,
म्हणजे तळपायाला त्यांचा कणा लागतो, पोट नाही.
हरीण, सुरूचं झाड, एकमेकांकडे पाठ केलेले दोन मासे.
गुडघ्यांवर आता खड्यांचीच नक्षी.

ती सांगते,
न्यायसभेत दोन रांजण असत.
एकात खडा पडला की माणूस घरी,
दुसऱ्यात पडला की संपला.
बाजारात हिशेबही खड्यांनीच,
म्हणून आकड्याला आजही त्याच घरातलं नाव,
आणि तुमच्या फोनच्या आत जे धावतं, त्यालाही.

स्तेर्गोस फोन कानाशी नेऊन हलवतो.
आत काही वाजत नाही.

नऊ वर्षांपूर्वी गावच्या समितीत सात जण होते.
किनारा हॉटेलला द्यायचा की नाही?
चार विरुद्ध तीन.
चौथा हात स्तेर्गोसचा.
हॉटेलच्या दालनाची जमीन त्यालाच मिळाली.
समुद्राने कधीपासून घासत आणलेले बारा टन
त्याने तिथे उभे केले, थंड हवेत, दिव्यांखाली.
हरीण फार सुरेख जमलं होतं.
भाऊ मानोलिस तेव्हापासून बोलत नाही.
कॉफीच्या दुकानात
मसुरातल्या खड्यासारखं
त्याला अलगद बाजूला काढलं गेलं.
कुणी वाईट बोललं नाही.
खुर्ची तेवढी कुणी सरकवली नाही.

आता किनाऱ्यावर छत्र्यांच्या रांगा,
आणि पाटी: खडे उचलण्यास मनाई.
तरी तो पहाटे जातो.
ओले असताना सगळेच काळे चांगले दिसतात,
म्हणून तळहातावर वाळेपर्यंत थांबतो,
मग बहुतेक परत टाकतो.

आज शाळेत मतदान.
पडद्यामागे तो इतका वेळ उभा राहिला
की पोलिसाने खाकरून पाहिलं.
पाकीट पेटीत पडलं तेव्हा
ऐकणाऱ्याला ऐकू आलं असतं.
पण बाहेर पोरं फुटबॉल खेळत होती.

रात्री मोजणी.
थेस्सालोनिकीहून आलेली वकीलबाई,
चप्पल टेबलाखाली काढून ठेवलेली,
एकेक पाकीट फाडते, वाचते, ढीग करते.
एकशे त्रेचाळिसावं फाडलं
आणि लाकडावर ठक्.

चिठ्ठी नव्हती.
काळा, चपटा, नखाएवढा.

मानोलिस साक्षीदारांच्या बाकावर होता.
उठला. खडा उचलला,
अंगठ्याने धार पाहिली, जशी लहानपणी दोघं पाहायचे,
कुठला उभा राहील, कुठला आडवा पडेल.
काही न बोलता परत ठेवला.

"बाद," वकीलबाई म्हणाली,
आणि वहीत रेघ ओढली.

तेवढ्यात खिडकीतून समुद्राचा वारा आला,
मोजलेले कागद कडांनी उठू लागले.
तिने इकडेतिकडे पाहिलं,
जड असं दुसरं काही सापडेना,
तेव्हा तोच खडा घेतला
आणि गठ्ठ्यावर ठेवला.