अडीच सूत

आमच्या गावात सूत म्हटलं की आधी माग आठवतो,
कांड्या, बॉबिन, चादरीची किनार.
मल्लेशम कुरापाटीच्या लेथवर मात्र
सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग,
आणि माझ्या जीपला लागतो तो बोल्ट अडीच सुताचा.
आठ एमएमचा नव्हे.

"दिसायला सारखाच की," मी म्हणाले.
त्यानं दोन्ही माझ्या तळहातावर ठेवले.
डोळे मिटा म्हणाला.
मिटले. काही कळलं नाही.
मग नट दिला. आठचा बोल्ट एक आटा गेला,
दुसरा गेला,
तिसऱ्याला अडला.
"हितंच लोक पान्याला पाइप लावतात," तो म्हणाला,
"आणि हितंच वाटोळं होतं बघा, ताई."

बासष्ट सालची गाडी. मोहोळला, सरकारी आवारात,
बाभळीखाली अर्धी रुतलेली.
लिलावात माझ्याशिवाय दोन भंगारवाले होते
आणि एक कुत्रं.
ग्रॅच्युइटीचे पैसे असे गेले म्हणून
घरात आठवडाभर सगळे माझ्याशी
फक्त मीठ आणि पाणी याच विषयांवर बोलले.

मे महिना. अक्कलकोट रोडची एमआयडीसी.
पत्र्याखाली पाना हातात धरवत नाही,
आधी बादलीत बुडवायचा.
रॉकेलच्या थाळीत चाळीस वर्षांची माती सुटते,
काळी, मग करडी, मग कुठल्याशा शेताची तांबूस.

मला चकचकीत स्टेनलेस हवं होतं.
"ते एकमेकाला चावतं," मल्लेशम म्हणाला,
"एकदा चावलं की करवतच."
एक्झॉस्टला त्यानं पितळी नट काढले,
जुन्या बिस्किटाच्या डब्यातून, मोजून.
पितळ मऊ. शंभरदा तापलं तरी धरून बसत नाही.
"उद्या खोलायचंय, हे आठवून आज आवळायचं."
हे तो नटाबद्दलच म्हणाला,
मी उगाच दिवसभर चघळत बसले.

भीमाशंकर हत्तुरे, वय पंच्याऐंशी,
या गाडीचे शेवटचे सरकारी ड्रायव्हर,
बाळ्याहून रिक्षानं आले, स्टुलावर टेकले.
मी डाव्या चाकाच्या नटावर
माझं सगळं वजन घेऊन उभी.
"काय करलालीस?"
"खोलतेय."
"आवळलालीस तू."
स्टडच्या तोंडावर एवढासा एल कोरलेला,
गंजाखाली. डाव्या बाजूचे आटे उलटे.
सकाळपासून मी
सोडवते आहे असं समजून
घट्ट करत होते.

गिअरबॉक्सखाली एक बोल्ट निघाला नाही.
तेल चार दिवस. गॅसची ज्योत.
हातोडीनं टिचक्या, शिव्या, पुन्हा तेल.
मल्लेशमनं चिंधीनं त्याचं डोकं पुसलं, बोट फिरवलं.
"हा गाडीचा नाही. मागाचा आहे."
हत्तुरे हसले, दातांशिवाय.
"गिरणीसमोर बंद पडलती. रात्रपाळी सुटलालती.
एका जॉबरनं खिशातनं काढून दिला.
पैसे घेईना."
नाव?
"घाई होती ओ. साहेब बसलते आत."

मल्लेशमनं करवत उचलली.
पातं ताणलं. टेकवलं.
मग खाली ठेवून, "चहा सांगा," म्हणाला.
त्याचे वडीलही गिरणीत जॉबर होते, हे मला माहीत आहे.
शहरात तसे शेकडो होते, हेही.
तो काही बोलला नाही, मी विचारलं नाही.
बोल्ट राहिला.

आता गाडी चालते.
होटगी रोडला, दुसऱ्या गिअरला,
खालून काहीतरी खणखणायचं.
सगळ्यांनी मागाच्या बोल्टावर बोट ठेवलं:
मऊ लोखंड, परका, माप चुकीचं.
आडवी होऊन आत सरकले, बॅटरी दातांत धरून.
तो जिथं होता तिथंच होता,
रेसभर हललेला नाही.
वाजत होता त्याच्या शेजारचा.
नवा. बरोबर अडीच सुताचा.
मीच बसवलेला,
स्प्रिंग वॉशर विसरून.