रिकामं घर

दुधाळीच्या रेंजवर, रविवारी साडेसातला,
ऊन अजून मातीच्या बांधापर्यंत पोचलेलं नसतं.
इंगवले मास्तर टेबलावर जुना टॉवेल अंथरतात
आणि माझ्या भावाचं रिव्हॉल्व्हर त्यावर ठेवतात,
वजनकाट्यावर तान्हं पोर ठेवावं तसं.
चव्वेचाळीस बोर. सव्वा किलोच्या वर.
"कागद झालं न्हवं नावावर? मग हाताला तरी कळू दे,
काय घेतलायस पदरात."

(आमच्याकडं बाईशीही असंच बोलतात.
मीही जन्मभर 'गेलो', 'जेवलो' म्हणत आलो.)

पहिल्या गोळीचं नीटसं सांगता येत नाही.
आवाज कानांत नाही, दाढांत ऐकू आला.
मनगट, कोपर, खांद्याची वाटी,
एकेका सांध्याची कडी वाजवत
कुणीतरी पळत वर गेलं
आणि नळी आभाळाकडं बघत राहिली,
जसं काही तिनं केलंच नाही.
अंगठ्याच्या बेचक्यात धग,
फडकं न घेता दुधाचं पातेलं उतरवल्यासारखी.
समोरचा कागद कोरा.
बांधावरनं मूठभर माती घसरली, तेवढंच.

दुसरीला मी दात आवळले.
तिसरीला श्वास.
चौथीला डोळे मिटले, हे मला ठाऊक नव्हतं,
मास्तरांना होतं.
"अडवू नगंस त्येला. धक्का येणारच.
जाऊ दे वर, हातातनं, खांद्यातनं.
तू फकस्त परत खाली ये."

मी पतपेढीत रोखपाल. तेवीस वर्षं.
दिवसाला दोनशे सह्या, एकीचा काना दुसरीपेक्षा लांब नाही.
हात माझं ऐकतो, असा माझा समज होता.

मग मास्तर पाठ करून उभे राहिले.
चक्रीत काय भरलं, काय नाही, दिसू दिलं नाही.
"सहा घरं हाईत. कंच्यात कोण ऱ्हातंय, इचारायचं न्हाई."

एक गेली. दुसरी गेली.
तिसरीला नुसतं

टक्.

ना जाळ, ना धूर, ना लाथ.
तरी नळी वीतभर खाली गेलेली,
खांदा कानाला लागलेला, पापण्या घट्ट.
शेजारच्या लेनमधला पोरगा हसला आणि
माझ्याकडं बघून थांबला.
"घर रिकामं हुतं," मास्तर म्हणाले,
"मग ह्यो दणका दिला कुणी तुला?"

मार्चमध्ये सीपीआरमधनं फोन यायच्या आधीच
मी गॅस बंद करून खुर्चीत बसलो होतो.
भाजी अर्धी कच्ची.
तेव्हापासनं कुणाचाही फोन वाजू दे,
गॅसवाल्याचा, ठेव मोडणाऱ्या म्हाताऱ्याचा,
खांदा आधी वर जातो, मग मी हॅलो म्हणतो.

धैर्यशीलनं हे कधीच उडवलं नाही.
लग्नात, जत्रेत कमरेला दिसायचं, बास.
पन्नासाच्या पेटीचं सील मी फोडलं, कालच, ब्लेडनं.
नऊ वर्षं त्यानं वजन तेवढं वागवलं.
आत काय झोपलंय, ते त्याच्या मनगटाला
कुणी कळवलंच नाही.

त्या सकाळी मास्तरांनी चौदा वेळा चक्री फिरवली.
रिकाम्या घरी मी सात वेळा दचकलो. मोजलं मी,
मोजायची सवय आहे.
भरल्या घरांतल्या दोन गोळ्या कागदाला लागल्या,
एक कोपऱ्यात, एक जिथं आकडा छापतात तिथं.

शेवटच्या फेरीत पुन्हा टक्.
आणि नळी हलली नाही.
बांधावर ऊन आलेलं. एक साळुंकी रिकाम्या पुंगळ्या
उलट्यापालट्या करत होती.
मी मास्तरांकडं बघितलं.

"शिकलास असं समजू नगंस," ते टॉवेल घडी करत म्हणाले,
"हात दमलाय नुसता. पुढच्या रविवारी बघू."

घरी लिंबानं घासलं, राखेनं घासलं.
बेचक्यातला काळा डाग निघाला नाही.
सोमवारी पहिल्या स्लिपवर सही करताना
काना थोडा वर गेला,
आणि मी तो तसाच ठेवला.